कपाटात ठेवलेली रणघार

अक्का आमच्या घराच्या पायऱ्या कधी वापरायची नाही. ओटा चांगला कमरेएवढा उंच होता आणि कडेला दगडी पायऱ्या होत्या, पण त्या आईसाठी, आप्पांसाठी आणि पाहुण्यांसाठी. अक्का दारातून निघाली की थेट अंगणात. धप्प असा आवाज यायचा, गोठ्यातली म्हैस दचकून मान वर करायची आणि आतून आई ओरडायची, "आगं, पोरगी हायस का वासरू?" आमचं घर रस्त्यापासून आत, उसाला लागून. गाव सातारा जिल्ह्यात, पण ओढा ओलांडला की सांगली जिल्हा. त्यामुळे बाजार, सोयरीक, कॉलेज, दवाखाना सगळं सांगलीकडे आणि सरकारी कागद तेवढे साताऱ्याकडे. हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्या गाणी लावून जायच्या, ती गाणी लांब गेली की कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. पहाटे आप्पांचा रेडिओ, आईच्या भाकरीची थापथाप, मग अक्काच्या पळण्याचा कालव्याच्या कडेनं येणारा आवाज. मी मात्र या सगळ्यात पांघरूण डोक्यावर ओढून मोबाइल बघत पडलेली असायची.

आप्पा फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. घरात त्यांनी दोनच कायदे आणले होते. एक, वेळ म्हणजे वेळ. दुसरा, ताटात टाकायचं नाही. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण रेश्मा, कबड्डी खेळायची आणि आप्पांचा जीव तिच्यात होता. तिची चढाई बघायला ते कराड, इस्लामपूर, विटा, कुठंही मोटरसायकलवर जायचे. ती चढाईला गेली की समोरच्या पोरी तिच्या पायाकडे बघायच्या, कारण ती उजवीकडे झुकून डावीकडे उडायची आणि एखादीच्या डोक्यावरूनसुद्धा मध्यरेषेकडे परतायची. रविवारी मटण असलं की नळी अक्काच्या ताटात. "मला का न्हाई?" असं मी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "तू नळी खाऊन काय करणार? मोबाइल धरायला हाडात ताकद लागती व्हय?" मला राग आला नाही. अक्काचं शरीर हे आमच्या घरातलं शेतासारखंच काहीतरी होतं. सगळ्यांनी मिळून राखायचं, सगळ्यांनी मिळून बघायचं.

माझं वेड वेगळं होतं. तेव्हा एका मोठ्या कंपनीचे महानायकांचे पिक्चर यायचे, एकात एक गुंतलेले. त्यातल्या एकात मध्येच जेमतेम दहा मिनिटांसाठी एक मुलगी येते. रणघार तिचं नाव. डोंगरातली पोर, पंख नाहीत, पण वाऱ्याला हातानं धरता येतं आणि त्याला धरून ती कड्यावरून झेप घेते. नायकाला वाचवते, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, आणि निघून जाते. निघताना एकच वाक्य बोलते आणि ते आमच्यासारखं बोलते, लय आणि न्हाई म्हणून. सांगलीच्या थिएटरात त्या वाक्याला जो ओरडा झाला तो मी विसरणार नाही. आमच्यासारखी बोलणारी बाई पिक्चरात असायची ती मोलकरीण नाहीतर खुळी. ही उडत होती. पुढच्या महिन्याभरात सांगलीत रणघारीच्या चाहत्यांचा मोबाइलवर ग्रुप झाला. तो चालवायचा सन्मती मगदूम, विश्रामबागेत माझ्याच कॉलेजात कॉमर्सला असलेला जाडसर, हळव्या मनाचा पोरगा. त्याच्या वडिलांचा हळदीचा व्यापार, त्यामुळे त्याच्या वह्यांनासुद्धा हळदीचा वास यायचा. कंपनीनं रणघारीचा स्वतंत्र पिक्चर जाहीर केला तेव्हा सन्मतीनं अख्ख्या ग्रुपला भडंग वाटला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या अंगणात एक पांढरी गाडी येऊन थांबली. त्यातून अक्काचे कबड्डीचे सर उतरले आणि त्यांच्याबरोबर केस बारीक कापलेला, दोन्ही कोपरांवर जुने व्रण असलेला एक माणूस. तो पिक्चरमधल्या मारामाऱ्या आणि उड्या बसवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शूटिंग पाचगणीच्या पठारांवर होणार होतं आणि नटीच्या उंचीची, तिच्या बांध्याची, उडी मारणारी मुलगी त्यांना हवी होती. कुठला पिक्चर ते त्यानं नाव न घेता सांगितलं तरी मला कळलं. माझ्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच सांडला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी उडी आमच्या पोरीची आणि त्वांड दुसरीचं?"

"तसंच असतं साहेब. तिचा चेहरा दिसणार नाही. पाठ दिसेल, हातपाय दिसतील."

आई दाराआडून म्हणाली, "त्वांड दिसणार न्हाई ते बरंच हाय की. उद्या लग्नाच्या वेळंला कुणी म्हणायचं न्हाई, पिच्चरमधली पोरगी म्हणून."

सगळे हसले. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "मी करती. पर राज्याच्या संघाची निवड व्हायच्या आत मला सोडायचं." मास्तरनं मान हलवली.

ती पाचगणीला राहायला गेली आणि दर आठ-पंधरा दिवसांनी घरी येऊन जायची. येताना स्ट्रॉबेरीची पेटी आणायची, निम्मी वाटेत एसटीतच संपलेली. अंगावर निळे-काळे डाग असायचे, दोराचा पट्टा कमरेला आवळून कातडी सोललेली असायची. आई चुलीपुढं बसवून तिच्या अंगाला हळद आणि कोमट तेल चोळायची आणि चोळता चोळता शिव्या द्यायची, कंपनीला, मास्तरला, त्या नटीला, सगळ्यांना. नटीला शिव्या दिल्या की अक्का मात्र अडवायची. "तिला काय म्हणू नकोस. लय चांगली हाय ती. थंडीत सोताचं जाकीट मला देती." मी तिच्या पायाशी बसून विनवण्या करायची. काय होतं, रणघार कुणाशी लढते, मरते का? अक्का एकच सांगायची, "कुणाला सांगायचं न्हाई म्हणून सही केलीया." आप्पा खूश व्हायचे. फौजेत पण असंच असतंय, म्हणायचे. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. सन्मती शूटिंगच्या अफवा लिहायचा, मी नुसते हसरे चेहरे पाठवायची आणि माझं पोट गुपितानं फुगून जायचं.

शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात फोन आला. आप्पांनी तो उभ्यानं घेतला आणि ऐकता ऐकता ओट्यावर खाली बसले. अक्का कड्याच्या उडीला पडली होती. डोकं, पाठ सगळं ठीक होतं, फक्त गुडघा. त्यांनी तिला मिरजेच्या एका दवाखान्यात आणलं. आम्ही पोहोचलो तेव्हा ती पलंगावर पाय उंच करून छताकडे बघत होती. कंपनीचा माणूस हजर होता, खर्चाचं सगळं तो बघत होता, वागायला नम्र होता. राग काढावा असंसुद्धा तिथं कुणी नव्हतं. ऑपरेशन झालं, पुढं बरेच महिने व्यायाम झाले. डॉक्टरांनी पहिल्यांदा "बघू" म्हटलं, मग "अवघड आहे" म्हटलं आणि एक दिवस साधेपणानं सांगून टाकलं की चालता येईल, जिना चढता येईल, हलकं पळताही येईल, पण कबड्डी नाही. राज्याच्या संघाची निवड तिच्याशिवाय झाली. त्या दिवशी आप्पांनी रेडिओ लावला नाही. आईनं जेवायला वाढलं. सगळ्यांनी ताट स्वच्छ केलं, कारण टाकायचं नाही हा कायदा होता.

अक्का आता पायऱ्यांवरून उतरायची. एक पाय खाली, दुसरा त्याच्याजवळ, मग पुढची पायरी. आई काही ओरडायची नाही आणि तेच सहन व्हायचं नाही. मी तिच्या शेजारी झोपायची. एकदा दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "तेजे, पिच्चर येऊ दे. मग बघशील तू. कड्याची उडी बघ. तसली मी कवाच मारली न्हाई, मैदानावर बी न्हाई." तेवढं एकच वाक्य. पण त्या दिवसापासून आमचं घर त्या पिक्चरची वाट बघायला लागलं. आईसुद्धा. तिनं पूर्वी कधी थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. तिनं साडी ठरवली, हिरवी. आप्पांनी भावकीत सांगून टाकलं की सगळ्यांनी टेम्पो करून सांगलीला जायचं. छोटी झलक आली, त्यात धुक्यात एक पाठमोरी आकृती कड्याच्या टोकाला उभी होती. एवढीच. आप्पांनी ती इतक्या वेळा बघितली की माझा मोबाइल तापायचा. "हीच का गं?" ते विचारायचे. अक्का खांद्यावरून वाकून बघायची आणि म्हणायची, "व्हय, मीच हाय."

बातमी आली तेव्हा मी सांगलीला कॉलेजात होते. सन्मती वर्गाच्या दारात आला, तोंड पांढरं पडलेलं, आणि त्यानं नुसता मोबाइल पुढं केला. कंपनी दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली होती. नव्या मालकांनी हिशेब मांडून ठरवलं होतं की रणघार प्रदर्शित करायचा नाही. थिएटरात नाही, टीव्हीवर नाही, मोबाइलवर नाही, कुठंच नाही. पिक्चर पूर्ण झाला होता. संगीत झालं होतं, रंग झाले होते. तो तसाच तोटा म्हणून दाखवून कपाटात ठेवला की करात सूट मिळते, असं कुणीतरी लिहिलं होतं. मला ते तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता मी स्वतः बँकेत नोकरी करून इतकी वर्षं झाली, आता त्यातले आकडे कळतात, तरी कळत नाही.

संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं काम माझ्यावर आलं. आई भात काढत होती.

"रद्द म्हंजी?" ती म्हणाली. "करणार न्हाईत?"

"केलाय गं आई. पूर्ण झालाय. दाखवणार न्हाईत."

"शिजलेला भात कुणी रद्द करतंय व्हय?" आईनं पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "न्हाई दाखवायचा तर न्हाई. पर आमच्या पोरीचं तेवढं कापून आमाला द्या म्हणावं. बाकीचा ठेवू देत."

अक्का ओट्यावर बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठली, पायऱ्या उतरली आणि गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकायला लागली. आधीच टाकलेल्या वैरणीवर आणखी वैरण.

त्यानंतरचे काही आठवडे ग्रुपवर जे चाललं ते आज आठवलं की हसू येतं. सगळ्यांनी ग्रुपवरचे आपापले फोटो काढून टाकले आणि त्यांच्या जागी काळा चौकोन लावला. देशभरच्या चाहत्यांनी एका अर्जावर सह्या गोळा केल्या. साताऱ्याच्या पोरांनी एसटी स्टँडाजवळ रणघारीचं चित्र रंगवलं, ते नगरपालिकेनं पुसलं, त्यांनी परत रंगवलं. एकजण म्हणायचा, पिक्चर भिकार असणार म्हणूनच दाबला. त्याला बाकीच्यांनी ग्रुपमधून काढलं. दुसरा म्हणायचा, मोठं कारस्थान आहे, आमच्या बोलीतली बाई त्यांना मोठी होऊ द्यायची नाही. कुणी म्हणायचा, माझ्या मावसभावाच्या मित्राकडे पूर्ण पिक्चर आहे. सन्मती त्या मित्राला शोधत कोल्हापूरपर्यंत जाऊन आला. मित्र सापडला, त्याच्याकडे झलकच होती, तीच. कंपनीच्या पुढच्या पिक्चरवर बहिष्कार, अशी शपथ सगळ्यांनी घेतली. कंपनीकडून एका ओळीचं उत्तर नाही. आपण ओरडतोय ते कुणाच्या कानापर्यंत जातंय की नाही हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

एका शनिवारी सन्मतीनं सांगलीतल्या जुन्या थिएटरापुढं आंदोलन ठेवलं. आम्ही दंडाला काळ्या फिती बांधल्या, 'आमची रणघार आम्हाला द्या' असे फलक धरले आणि उन्हात उभे राहिलो. एक पोलीस हवालदार मोटरसायकलवरून आला.

"कशाचं हाय रं आंदोलन? पाण्याचं का?"

"न्हाई साहेब, पिच्चरचं."

"लावत न्हाई व्हय हा थेटरवाला?"

"कुणीच लावत न्हाई. तयार हाय, पर दाखवणार न्हाईत."

त्यानं फलक वाचला, डोकं खाजवलं. "मग मला कुणाला सांगाय लावताय?" असं म्हणून निघून गेला. थिएटरचे मॅनेजर बाहेर आले, म्हातारे, शर्टाच्या खिशाला पेन अडकवलेलं. त्यांनी आम्हाला आत व्हरांड्यात सावलीत बसवलं आणि चहा मागवला. "पोरांनो, मी तर रोज लावायला तयार हाय," ते म्हणाले. "मलाच दिला न्हाई तर मी पडद्यावर काय दाखवू, हात?" आम्ही चहा प्यायलो, त्यांना नमस्कार केला आणि फलक बगलेत मारून घरी गेलो.

मग तो फोटो बाहेर आला. शूटिंगवरच्या कुणीतरी काढलेला. पठारावर शेजारी-शेजारी दोन रणघारी, सारख्याच करड्या पोशाखात, एक नटी आणि दुसरी हसत असलेली अक्का. कबड्डीवाल्यांनी तिला लगेच ओळखलं. ग्रुपवर तिचं नाव, गाव सगळं आलं आणि सन्मतीनं मला फोन केला. तो म्हणाला, "तेजश्री, एवढे दिवस? तुझ्या घरात होती?"

रविवारी ते आले. दोन गाड्या, सात-आठ मोटरसायकली, सांगलीचे, साताऱ्याचे, इस्लामपूरच्या दोन शाळकरी पोरी त्यांच्या चुलत्याला घेऊन. पेढे, भडंग, हार. आईनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला आणि पोह्यांचा घमघमाट सुटला. अक्का आतल्या खोलीतून बाहेर यायला तयार नव्हती. "मी काय देव हाय व्हय दर्शनाला?" आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "पाहुणं लांबनं आल्यात. बाहेर ये." ती आली. गुडघ्याला पट्टा होता. पायऱ्यांवरून तिला एकेक पाय टाकत उतरताना बघून ती सगळी बडबडी पोरं गप्प झाली. कुणीतरी हार पुढं केला, तिनं तो हातातच घेतला.

खुर्चीवर बसवल्यावर सन्मतीनं हात जोडून विचारलं, "ताई, आमी कुणाला सांगणार न्हाई. रेकॉर्ड करणार न्हाई. फक्त एवढं सांगा, शेवटी काय होतं?"

"मला म्हाईत न्हाई," अक्का म्हणाली.

"सही केलीय ते कळतंय आमाला..."

"सही हाय ते खरं. पर दाखवणारच न्हाईत, मग सही कशाची पाळायची? मला खरंच म्हाईत न्हाई. गोष्ट मला कुणी दिलीच न्हवती. सकाळी मास्तर सांगायचं, आज हितनं तिथं. उद्या तिथनं खाली. कशापायी उडायचं ते न्हवतं सांगत. एकदा पाठीमागं आग लावली हुती. एकदा हातात बाळ दिलं, कापडाचं. एकदा म्हणाले, आज रडत उडी मार. मी म्हणलं पाठच दिसणार हाय, रडू कशाला? तर म्हणाले, पाठीतनं पण कळतंय."

त्या पोरांचे चेहरे मला आजही दिसतात. त्यांनी तेवढ्यावरच तुटून पडायला सुरुवात केली. बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ असणार, नाही, बाळ म्हणजे शत्रूचं, आग गावाला लागली असणार, आग तिनंच लावली असणार. अंगणात दोन पक्ष पडले. अक्का एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. जे तिनं अंगावर घेतलं होतं त्याचा अर्थ ती पहिल्यांदा ऐकत होती आणि तोसुद्धा अंदाजानं. मग इस्लामपूरच्या पोरींपैकी एकीनं विचारलं, "तुमी पडला ती उडी कंची?"

घरात आम्ही कधी हे विचारलं नव्हतं.

"कड्याची," अक्का म्हणाली. "शेवटचीच हुती. वारं लय हुतं. खाली धरणाचं पाणी चमकत हुतं. मास्तर म्हणालं, वारं पडू दे, तर डायरेक्टर म्हणालं, ह्या वाऱ्यातच पायजे. मला बी वाटलं, ह्या वाऱ्यातच. पळत आले आणि सुटले. काय सांगू तुमाला... आवाजच बंद झाला सगळा. म्हणलं, आता मी खाली जातच न्हाई. आणि तवा मागं दोर सैल लागला. एवढंसंच. भ्याले मी, आणि मागं वळून बघितलं." तिनं गुडघ्यावरचा पट्टा चाचपला. "वळायचं न्हवतं. पाठ ठेवायची असती. पर कॅमेरा तिथंच हुता, जवळ. सबंध त्वांड आलं माझं."

आई पोह्यांचं ताट घेऊन ओट्यावर आली होती, ती तिथंच थांबली.

"पडल्यावर उचलून आणलं तवा डायरेक्टर माझ्याजवळ बसून रडत हुतं. म्हणाले, उडी अशी आलीय की दुसरी घ्यायची गरजच न्हाई, आणि घेता बी येणार न्हाई. मी ईचारलं, माझ्या त्वांडाचं काय? म्हणाले, बघू. संगणकावर तिचा चेहरा बसवू, न्हाईतर राहू दे तसाच. मला वाटतंय तसाच ऱ्हावा, म्हणाले." अक्कानं हातातला हार मांडीवर सरळ केला. "पुढं काय केलं ते मला म्हाईत न्हाई. ठेवलं का पुसलं. म्हणलं, थेटरातच बघू."

सन्मती चष्मा काढून पुसत राहिला. आप्पा त्याच्या शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात, एखाद्या जाणकाराला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पोरा, ह्यासाठी भेटायचं कुणाला असतंय? वर कुणीतरी साहेब असंल की. मी युनिफॉर्म घालून जातो. मेडल लावून जातो. तेवढंच दाखवा म्हणतो, पोरीचं त्वांड हाय का न्हाई ते. पिच्चर नको आमाला."

"आवं आप्पा," सन्मती म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला, "साहेब म्हणावा असा कुणी न्हाईच तिथं. कंपनी हाय नुसती."

आप्पांनी मान हलवली. सगळी नोकरी त्यांनी वर कुणीतरी साहेब आहे या भरवशावर केली होती. त्यांना ते पटलं नाही, पण पुढं काय विचारायचं तेही सुचलं नाही. पोहे खाऊन, अक्काबरोबर फोटो काढून, तिच्या पाया पडायला बघून आणि तिचा ओरडा खाऊन ती पोरं गेली. जाताना सन्मती गेटापाशी थांबून म्हणाला, "ताई, आमी परत अर्ज करणार." अक्का म्हणाली, "करा की."

त्यांनी केला. अक्काचा फोटो 'खरी रणघार' म्हणून देशभर फिरला आणि दोन दिवसांनी त्याच लोकांनी नटीला शिव्या द्यायला सुरुवात केली, दुसरीच्या उड्यांवर मोठी झाली म्हणून. अक्का पहिल्यांदा चिडली ती तेव्हा. नटीनं बिचारीनं जाहीर लिहिलं की पूर्ण पिक्चर तिलाही दाखवलेला नाही. अक्कानं ते मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "बघ, तिला बी न्हाई." हळूहळू काळे चौकोन गेले, आपापले चेहरे परत आले. ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा राहिल्या, मग त्याही थांबल्या. सन्मती वडिलांच्या व्यापारात गेला. अक्कानं शिक्षण पुरं केलं आणि आज ती विश्रामबागेतल्या एका शाळेत पोरींना कबड्डी शिकवते. मैदानाच्या कडेला उभी राहते, बसत नाही. पिक्चर अजून आलेला नाही. मधूनच कुणीतरी लिहितं की तो कायमचा पुसून टाकलाय, कुणी लिहितं की आहे, कुठल्यातरी तळघरात आहे. आप्पा गेले तोवर दर नव्या वर्षी मला विचारायचे, काय कळलं का गं. मी न्हाई म्हणायची आणि ते बरं म्हणायचे.

त्याच कंपनीचा पुढचा पिक्चर रणघार रद्द झाल्यावर वर्षभरानं आला होता. दुसरा महानायक, दुसरी गोष्ट. बहिष्काराची शपथ घेतलेले सगळे पहिल्याच दिवशी गेले, मला कळलं. मी जाणार नव्हते. अक्काच म्हणाली, "चल, बघू या." दुपारचा खेळ होता, थिएटर अर्धं भरलेलं. पिक्चर चांगला होता. लोक टाळ्या वाजवत होते. नायक उंच इमारतीवरून उडी मारायचा तेव्हा अक्काचा हात माझ्या हातावर आवळायचा आणि तो खाली पोहोचला की सैल व्हायचा. शेवट झाला, पडदा काळा झाला आणि नावं वर सरकायला लागली. दिवे लागले, लोक उठून पॉपकॉर्न तुडवत दाराकडे निघाले. मीही उठले. अक्का बसून राहिली. नटांची नावं गेली, संगीतवाल्यांची गेली, मग खूप खाली, बारीक अक्षरांत, उड्या मारणाऱ्यांची यादी आली. अक्का पुढं वाकली आणि हळू, पण ऐकू येईल असं, एकेक नाव वाचायला लागली. कुठलीकुठली नावं, परदेशातली, तिला धड उच्चारता न येणारी. झाडू घेतलेला माणूस आमच्या रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला. मी त्याला हातानं थांबायला सांगितलं. शेवटचं नाव वर सरकून जाईपर्यंत ती वाचत होती, आणि मी परत खाली बसले.